चार सद्गुण आणि माझा बूट

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. माझी अक्कल कशी चरायला गेली होती, ते सांगते.

वेलिंग्टनच्या एका म्युझियममध्ये मला जुनी चित्रं हाताळायची नोकरी लागली. तीन महिने ट्रायल, जमलं तर पर्मनंट. पुण्याहून शिकायला येऊन, पुढे चार वर्षं कॅफेत कप विसळल्यावर मिळालेली पहिली खरी नोकरी हो! ती काही करून टिकवायची होती.

पहिल्याच आठवड्यात ताब्यात आलं चारशे वर्षांपूर्वीचं इटालियन रेखाटन. कुण्या सरदार घराण्याची ढाल, तिच्यावर सिंह, वर मुकुट आणि भोवती चार बायका, म्हणजे चार सद्गुण. विवेकबाईंच्या हातात आरसा आणि साप, न्यायबाईंकडे तराजू, धैर्यबाई खांब धरून उभ्या, आणि संयमबाई एका सुरईतून दुसरीत पाणी ओततायत, आपण चहा गार करतो तशा.

चित्र ट्रॉलीच्या खालच्या फळीवर ठेवलं, वळले, आणि माझा बूट खाड्कन त्याच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर बसला.

मग काय? हात आपोआप गेला. चौकटीला बोटं लावली, कपाळाला लावली. कागदाला पाय लागला की नमस्कार, ही लहानपणापासूनची सवय.

वर पाहिलं तर दारात माझी बॉस, हेलन. तिने लाथ पाहिली नव्हती, नमस्कार तेवढा पाहिला होता. हे काय केलंस, तिने हळूच विचारलं. आता ट्रायलवरचं माणूस 'तुमच्या सद्गुणांना लाथ घातली' असं सांगेल का?

"आदर," मी म्हणाले.

हेलनचे डोळे भरून आले. इथले मूळ रहिवासी माओरी लोक जुन्या ठेव्याला जिवंत माणसासारखा मान देतात, त्यामुळे तिला ते लगेच पटलं. दुसऱ्या दिवसापासून ती नमस्कार करूनच चित्र उचलायला लागली. आठवड्याभरात अख्खं डिपार्टमेंट. महिन्याभरात तो नियम नियमावलीत छापला गेला, माझ्या नावासकट! खरं सांगायचं मी रोज ठरवायचे आणि रोज शेपूट घालायचे.

ट्रायल संपायला आठवडा असताना पुण्याहून आई आली. हेलनने तिला कौतुकाने चित्र बघायला बोलावलं. डायरेक्टरही हजर. एकेक जण पुढे येतोय, चौकटीला बोटं लावतोय, कपाळाला लावतोय. सहा जण झाले. आई बघतेय.

आई इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. त्यामुळे तिने जे विचारलं, ते खणखणीत इंग्रजीत विचारलं.

"एवढ्या सगळ्यांचा पाय लागला याला?"

"पाय?" हेलन म्हणाली.

मग आईने नीट समजावून सांगितलं. लहानपणी मी दप्तरावर पाय दिला की ती किती नमस्कार घालायला लावायची, तेही. सगळे माझ्याकडे वळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेलनने भिंग काढून चौकट तपासली. ओरखडा नव्हता.

सोमवारी मी ड्रॉवर आवरायच्या तयारीनेच गेले. टेबलावर दोन कागद होते. एक पर्मनंट केल्याचं पत्र. दुसरी सुधारलेली नियमावली. नमस्काराचा नियम तसाच होता, माझं नावही तसंच. खाली हेलनने एक ओळ वाढवली होती:

"यासाठी आधी लाथ मारण्याची आवश्यकता नाही."