पाटणची शाळा तपासणारे साहेब

मित्रांनो, आज साताऱ्यात अभियंत्यांच्या एका देशव्यापी संस्थेच्या सत्कार समारंभाला गेलो आणि संतापून परतलो.

सत्कारमूर्ती होते संस्थेचे एक जुने अभियंते. ते म्हणाले, "सत्तरच्या दशकात भूकंपानं तडकलेल्या पाटणच्या शाळा तपासून आम्ही जनसेवा केली."

त्यातल्याच एका शाळेत मी शिकलो. माझी आई तिथं शिक्षिका होती. तपासणीला आलेल्या याच साहेबांनी तिला हळूच सांगितलं, "बाई, भिंत धोक्याची आहे." सरपंच आणि सरकारी अधिकाऱ्यांपुढे मात्र म्हणाले, "शाळा भरवा."

पुढं ती भिंत पडली आणि माझ्या वर्गातल्या सलीमचा पाय गेला.

आज सलीम माझ्याबरोबर होता. तो उठला. "सायेब, तवा सगळ्यांम्होरं खरं का बोलला न्हाई?"

"सरकारशी भांडणं हे संस्थेचं काम नव्हतं."

यावर सभागृहात टाळ्या पडल्या! तुम्ही तिथं असता, तर काय केलं असतं?