चिचुंद्रीची शेपटी

खंडेनवमीला मी माईकवर काय बोललो, ते आमच्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. अजूनही कॅन्टीनच्या रांगेत कुणीतरी पाठीवर थाप मारतं, "मानलं भाऊ तुम्हाला!" मी मिशीवरून हात फिरवतो आणि ताट पुढं करतो. पण खरं सांगू? माईकवर मी अर्धंच बोललो होतो. उरलेलं अर्धं फक्त एका माणसाला सांगितलं — तेही चालता चालता, तोंडाकडं न बघता. बाकी कुणालाच नाही. बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं आहे.

मी महाळुंग्याजवळच्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे. पत्रा दाबून गाड्यांचे दरवाजे बनवायचं काम. धाराशिवकडून आलो तेव्हा थेरगावात पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली, लग्न केलं, पोरगी झाली, आणि हळूहळू युनियनमध्ये शिरलो. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. साहेबाच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटून बोलणारा माणूस अशी माझी ख्याती. वडील गेले तेव्हाही चारचौघांत माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक हे अजून कौतुकानं सांगतात.

असा हा वाघ. आणि या वाघाला आवडतं काय — तर कार्टून पिक्चर!

हसा, हसून घ्या. मीही हसलो असतो. कॉम्प्युटरवर बनवलेले, बोलणारी अस्वलं आणि रुसलेली बदकं असलेले, लहान पोरांचे पिक्चर. सुरुवात एसीमुळं झाली. उन्हाळ्यात आमची खोली तव्यासारखी तापायची. अशू, म्हणजे आमची अश्विनी, तेव्हा अगदी लहान. म्हटलं, पोरीला दाखवू पिक्चर आणि आपण गारव्यात झोप काढू. झोप कसली लागते! पडद्यावर एक अस्वल ओढ्यात पडलं आणि बाहेर आलं, तर त्याच्या अंगावरचा केस न् केस वेगळा भिजलेला. मी पत्र्यातला माणूस. दरवाज्यावर एक ओरखडा राहिला तरी आम्ही तो बाजूला काढतो. इथं अख्खं जंगल होतं आणि त्यातलं एक पान कुणी आळसानं ठेवलेलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर ना झाड, ना पाणी, ना अस्वल. कुणीतरी खुर्चीवर बसून हे सगळं केलं. कशासाठी? माझ्या पोरीनं हसावं म्हणून?

आणि ती हसलीही. अस्वल आपटलं की पोरं हसायची. मग ते उठायचं आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून हळूच मागं बघायचं, तेव्हा मोठी माणसं हसायची. एकाच आपटण्यात दोघांची सोय! ही करामत मला दुसऱ्या कुठल्याच पिक्चरमध्ये दिसली नाही. मोठ्यांच्या पिक्चरमधला बाप दोनच कामं करतो, ओरडतो नाहीतर मरतो. कार्टूनमधला बाप घाबरतो. चुकतो. रस्ता विसरतो आणि विसरलो म्हणून सांगत नाही. असा बाप मी कुठं पाहिला होता? रोज दाढी करताना आरशात. पण ते तेव्हा कबूल कोण करणार?

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणजे — यावंच लागेल.

आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. अशूची शाळा रविवारी बंद. म्हणजे बापलेकीची सुट्टी काही जुळायची नाही. एक नवीन पिक्चर लागला होता, चिचुंद्र्यांचा. मला रविवारपर्यंत दम निघेना. त्या रविवारी माझी दिवसपाळी, मग पुन्हा पुढचा रविवार, तोवर पिक्चर उतरला तर? गुरुवारी सकाळी मी वर्गाच्या बाईंना फोन केला, अशूला ताप आहे. मंगलला, म्हणजे बायकोला, सांगितलं की पोरीला शाळेत सोडून येतो. आणि युनिफॉर्ममधल्या, दोन वेण्या घातलेल्या पोरीला दप्तरासकट थेट थिएटरमध्ये नेली. तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिनं माझ्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "पप्पा, तुम्हाला लई आवडतं ना?" तिला माहीत होतं हो. तिच्या एकटीला माहीत होतं.

पिक्चर साधाच होता. चिचुंद्र्यांचं कुटुंब कुठं जायचं झालं की पोरं एकमेकांची शेपटी तोंडात धरून रांगेनं चालतात, सगळ्यांत पुढं बाप. खऱ्या चिचुंद्र्याही म्हणे तशाच चालतात. तर त्या बापाचं नाक गेलेलं असतं. त्याला वासच येत नाही. पण तो सांगत नाही, ऐटीत पुढं चालत राहतो आणि सगळ्यांना पुराच्या पाण्याकडं घेऊन जातो. शेवटी रांगेतली सगळ्यांत मागची, चिमुकली पोर पुढं येते आणि बापासमोर आपली शेपटी करते. धर म्हणून. बाप ती शेपटी नुसता बघत राहतो. पाणी चढत असतं, आणि हा गडी बघतोय! शेवटी धरतो.

मी रडलो. हुंदके देऊन रडलो. अशूनं युनिफॉर्मला पिनेनं लावलेला रुमाल काढून माझ्या हातात दिला.

आणि बाहेर आलो तर समोर बाळू. आमच्याच शॉपमधला, महाळुंग्याचाच, अख्ख्या कंपनीचा बातमीदार. गुरुवारी हॉल रिकामा असेल असं मी धरून चाललो होतो. अरे शहाण्या, गुरुवारची सुट्टी काय तुला एकट्याला होती? अर्धी एमआयडीसी पॉपकॉर्नच्या रांगेत उभी!

"काय वो भाऊ, तुमी हितं? कार्टूनला? आन् डोळं का लाल?"

विचार करायला किती वेळ लागतो? मला लागलाच नाही. म्हणालो, "काय सांगू राव, ही पोरगी. शाळा बुडवून पिक्चर पाहिजे म्हणून रडून गोंधळ घातला. एसीनं डोळे चुरचुरतायत. सुट्टी वाया गेली बघ सगळी."

बाळू खाली वाकला. "काय गं, बापाला असा तरास देत्यात व्हय?"

अशूनं माझ्याकडं बघितलं. रुमाल अजून माझ्या मुठीत होता, ओला. मग ती बाळूला म्हणाली, "हो काका. मीच हट्ट केला."

एवढंच असतं तर मी ते कधीच विसरलो असतो. पण बाळूच्या पोटात काय राहतंय? त्याच्या बायकोकडून मंगलला कळलं. मंगलनं पोरीला दोन धपाटे घातले — शाळा बुडवते, बापाला नाचवते. आणि मी? मी तिथंच, त्याच खोलीत, टीव्हीवर बातम्या बघत बसलो होतो. आवाज जरा वाढवलासुद्धा. पोरीनं तेव्हाही माझं नाव घेतलं नाही.

शाळेच्या पुढच्या सुट्टीत नवा पिक्चर लागला. मी म्हटलं, चल. अशू म्हणाली, "मला नाही आवडत आता कार्टून. मी मोठी झाले." आणि पिठाच्या डब्यावर वही ठेवून अभ्यास करत बसली.

तुम्हाला वाटेल, बापाला समजलं नसेल. समजलं होतं. त्याच क्षणी समजलं होतं. तिला पिक्चर आवडेनासे झाले नव्हते, ती मला वाचवत होती. तिच्याबरोबर मी पुन्हा कुठं सापडू नये म्हणून तिनं स्वतःलाच रांगेतून काढून घेतलं होतं. आणि मला काय वाटलं? सांगू? मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. त्यानंतर युनियनची मीटिंग आहे म्हणून मी गुरुवारी एकटाच जायचो, लांबच्या थिएटरला, टोपी घालून. असं कितीतरी वर्षं चाललं. अंधारात मी पोट धरून हसायचो, आणि माझी पोर घरी भांडी घासायची.

अजून एक आहे. हे सगळ्यांत वाईट. पाहुणे आले की मी छाती फुगवून सांगायचो, "आमची अशू लहानपणापासून समजूतदार. कधी हट्ट नाही, कधी मागणं नाही." लोक म्हणायचे, नशीबवान आहात. मी म्हणायचो, संस्कार! लाज कशाशी खातात हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं समजू नका. माहीत होतं. तरी मिरवलं.

मग यंदाची खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, बायकापोरं कंपनी बघायला येतात. दरवर्षी ऑर्केस्ट्रा असतो. यंदा मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, पोरांसाठी एखादं कार्टून लावू. तर बाळू नव्या पोरांना टाळी देत म्हणाला, "कार्टूनचं भाऊंना इचारा! त्यांच्या पोरीनं लई छळलंय त्यांना. साळा बुडवून रडायची पिक्चरसाठी." सगळे हसले.

अशू आता स्वतःच्या पगारावर घर सांभाळते. आयटीत आहे, मला हेल्मेट न घालता बाहेर पडू देत नाही. आणि इथं, माझ्या शॉपमध्ये, ती अजून युनिफॉर्ममधली दांडीबहाद्दर पोर होती. ती खोटी गोष्ट माझ्यापेक्षा जास्त टिकणार होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"चिचुंद्रीचा पिक्चर लावायचा," मी टेबलावर हात आपटला.

"पोरांसाठी ना भाऊ?"

"नाही. माझ्यासाठी."

खंडेनवमीला प्रेस मशिनांना झेंडूचे हार घातले, नारळ फुटले, आणि क्रेनच्या हुकाला आम्ही पांढरा पडदा टांगला. काय सांगू तुम्हाला ते दृश्य! पत्र्याशी झुंजणारे दांडगे गडी मांडी घालून बसलेले, मांडीवर पोरं. चिचुंद्री चिखलात आपटली की पोरं खिदळायची. चिचुंद्रीचा बाप मी वाट विसरलोच नाही अशा थाटात छाती काढून चालायला लागला, की सगळा शॉप हसायचा, आणि बायका आपापल्या नवऱ्याकडं बघायच्या. अशू मागं बसली होती, हातात मोबाइल. थोड्या वेळानं बघितलं तर मोबाइल मांडीवर उलटा. आणि पडद्यावर त्या चिमुकल्या पोरीनं बापापुढं शेपटी केली तेव्हा मांडीवरची पोरं आपापल्या बापाकडं बघायला लागली. बाळू हातरुमालात तोंड घालून बसला होता.

दिवे लागले. मी माईक घेतला. 

"तो हट्ट माझा होता," मी म्हणालो. "शाळा मी बुडवली. ताप खोटा. हुंदके माझे. माझ्या पोरीनं माझ्यासाठी आळ घेतला आणि मी तो घेऊ दिला. मला कार्टून आवडतात. आजही आवडतात, रिटायर झाल्यावरही आवडतील. कुणाला हसायचं असेल त्यानं आता हसून घ्या."

कुणी हसलं नाही. मग कुणीतरी रिकाम्या ड्रमवर हात मारला, आणि सगळा शॉप वाजायला लागला. टाळ्या, शिट्ट्या, ड्रम. बाळू उभा राहून ओरडला, "भाऊ, फुडल्या वर्सी बी ह्येच लावायचं!" मंगल पहिल्या रांगेत तोंडावर हात ठेवून बसली होती. तिला ते दोन धपाटे आठवले असणार. असा दिवस मी पगारवाढीच्या करारालाही पाहिला नव्हता.

आमच्या शॉपमध्ये पिवळ्या पट्ट्यांच्या आतून एकामागं एक चालायचा नियम आहे. आम्ही गेटकडं निघालो, मी पुढं, अशू मागं. मंगल बायकांबरोबर प्रसादाला थांबली होती. चालता चालता शर्ट मागं ओढल्यासारखा वाटला. अशूनं माझ्या शर्टाचं टोक धरलं होतं, घट्ट. तिला वाटलं, पप्पांनी सगळं सांगून टाकलं.

तसंच गेटपर्यंत गेलो असतो, तर कुणाचं काय बिघडणार होतं? जिंकलेला माणूस होतो मी. पण उरलेलं अर्धं अजून सांगायचं होतं. मागं वळायचं धैर्य नव्हतं, म्हणून समोर बघतच बोललो. गुरुवारच्या मीटिंगा नव्हत्या, अशू. मी एकटा पिक्चरला जायचो. तू का यायची थांबलीस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मला बरं वाटलं होतं. आणि तुझ्या समजूतदारपणावर मी लोकांकडून वाहवा घेतली.

शर्ट सैल झाला.

मी थांबलो. ती बाजूनं, पट्टी ओलांडून, माझ्या पुढं गेली.  तिची पाठ दिसत होती, खांदे ताठ. चार पावलं गेली आणि थांबली. मग मागं न बघता तिनं ओढणीचं टोक माझ्याकडं केलं.

मी त्या टोकाकडं बघत राहिलो. तो चिचुंद्रीचा बाप बघत राहिला होता, तसाच.

मग धरलं. ती चालायला लागली, आणि मी तिच्या मागं, हारांनी सजलेल्या मशिनांमधून, मिशीसकट. गेटवर सगळा शॉप उभा होता. बाळूनं आम्हाला बघून दोन बोटं तोंडात घातली आणि कान फाटतील अशी शिट्टी मारली. मी टोक सोडलं नाही.