साडेचार बोटं

मी एका मासिकाची मुखपृष्ठं करतो. म्हणजे माणसं फोटोत जशी आलेली असतात, तशी ती राहू नयेत याची काळजी घेतो. एकवीस वर्षांत किती सुरकुत्या पुसल्या, किती टकलांवर केस पेरले आणि किती पोटं आत ढकलली, याची गणती नाही. ऑफिसात मला ‘इस्त्रीवाला’ म्हणतात. मी ते कौतुक समजत होतो.

घरी मात्र या कौतुकाला गिऱ्हाईक नव्हतं. बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शिडीवर उभं राहून एकेक अक्षर काढायचं, याला ते काम म्हणत. मी पंख्याखाली बसून कॉम्प्युटरवर जे करतो, त्याला ‘टिकटिक’. “दिवसभर बसून दमतोस कसा रे?” हा त्यांचा रोजचा प्रश्न. मी सेहेचाळीस वर्षांचा घोडा, पण त्यांच्या तोंडून एकदा तरी “जमलंय” ऐकायचं, ही हाव काही सुटत नव्हती.

अशात संपादकबाईंनी हाताने काम करणाऱ्यांवर अंक काढायचं ठरवलं आणि मुखपृष्ठावर बाबांनाच घेतलं. फोटो झकास आला. उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात रंगाचा डबा, डावीकडून ऊन. म्हटलं, आता दाखवतोच टिकटिक काय असते ती.

दोन दिवस मान मोडून काम केलं. संध्याकाळी मुखपृष्ठ छापायला जाणार होतं. मला कुठला दम निघतोय! दुपारी जेवायला घरी गेलो तो रंगीत प्रत घेऊनच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाबांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

“हे बोट कुणाचं?”

“तुमचंच की.”

“माझं तर अर्धंच आहे.”

बघतो तर काय, डाव्या हाताची तर्जनी अखंड, नखासकट! मीच जोडली होती, आणि जोडल्याचं मला आठवतही नव्हतं. तुटकं काही दिसलं की माझा हात आपोआप दुरुस्तीला लागतो. जित्याची खोड, दुसरं काय.

“उजव्या हाताचं उचलून, उलटं करून चिकटवलंस ना?” बाबा म्हणाले. “ऊन या बाजूने, आणि बोटावर सावलीही याच बाजूला? पाटीवर अशी सावली दिली असती तर गिऱ्हाइकाने मला शिडीवरून खाली ओढलं असतं.”

“असू द्या हो,” आई वाढता वाढता म्हणाली. “त्याला वाईट वाटत असेल, म्हणून दिलं भरून.”

मी पाच वर्षांचा असताना बाबा खाली रंग कालवत होते आणि मी त्यांच्या शिडीवर चढलो होतो. शिडी घसरली. बाबांनी हात घालून ती धरली, मी वाचलो, बोट शिडी आणि भिंतीच्या मध्ये चिरडलं. आईला वाटलं तेवढं वाईट मला वाटलं असतं तर ठीक होतं. मला आठवणसुद्धा झाली नव्हती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

ताट तसंच ठेवून ऑफिस गाठलं. छापखान्याला “तासभर थांबा” म्हणून विनवलं. जोडलेलं बोट काढलं, आणि अख्ख्या हातावरची माझी सगळी इस्त्रीही. मूळ फोटोतला हात, रंगाचे डाग आणि फुटकी नखं धरून, होता तसा ठेवला.

अंक आला त्या दिवशी बाबा तो घेऊन शेजारच्या काकांकडे गेले. मी दाराआड उभा, निकालाला आलेल्या पोरासारखा.

“मासिकाच्या नावाला सावली जरा जास्त झालीय,” बाबा सांगत होते. “चेहराही उगाच गुळगुळीत केलाय. पण हा हात बघा. हात मात्र जमलाय पोराला.”

अख्ख्या मुखपृष्ठात तेवढ्याच एका जागी मी काही केलं नव्हतं.