शेपूट जड झालेलं विमान

शरणबसवप्पांनी आयुष्यभर ज्वारी तोलली. सोलापूरच्या भुसार बाजारात त्यांचं दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक काटा कधीचाच आला, पण त्यांच्या आजोबांची पितळी तागडी अजून छताच्या हुकाला लटकलेली आहे. रोज सकाळी तिला विभूती लावायची, रिकामी पारडी हलवून बघायची आणि ती एका रेषेत थांबली की मगच पहिल्या गिऱ्हाइकाला 'या' म्हणायचं, असा त्यांचा नेम. एखादं पारडं केसभर झुकलं तर समोरच्या पारड्यात चिंचोका टाकून पासंग काढणार, तोवर गिऱ्हाईक उभं. माणूस कटकट्या. माझी बायको मालती म्हणते, म्हणूनच तुमचं दोघांचं जमतं.

आमची ओळख त्यांच्या मुलामुळे झाली. प्रभु माझा विद्यार्थी. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि रविवारी मार्डीच्या माळावर रिमोटची विमानं उडवायचो. प्रभु त्या माळावर आला तो कायमचाच चिकटला. अप्पा एकदा त्याला ओढून न्यायला आले, तावातावाने दोन शब्द मलाही सुनावले, आणि तासाभराने स्वतःच रिमोट हातात घेऊन उभे! पुढे प्रभु पुण्याला नोकरीला गेला, तरी अप्पांचा रविवार चुकला नाही. थर्माकोलसारखं हलकं, साधं विमान ते छान उडवायचे.

प्रभुने मग कसरतीचं विमान मागवलं. गोल घेणारं, उलटं उडणारं, त्याच्या स्वप्नातलं. खोका सोलापूरच्या घरी आला. "रविवारी येतो. मी आल्याशिवाय फोडू नका. पहिल्यांदा अप्पांनीच उडवायचं," असं त्याने फोनवर सांगितलं. शनिवारी तो मोटारसायकलवर निघाला आणि मोडनिंबच्या अलीकडे, दिवे न लावता उभ्या असलेल्या ट्रकला मागून धडकला. खोका तसाच दोन वर्षं दुकानाच्या माळ्यावर राहिला.

यंदा जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली आणि अप्पांचा फोन आला. "सर, खोका फोडू या. मी थकायच्या आधी त्यानं सांगितलेलं एकदा करायचंय."

तयार विमान म्हणतात खरं, पण खोक्यातून काढलं आणि उडवलं असं नसतं. पंख, शेपटी, चाकं जोडायची, छोट्या मोटारींना तारा लावायच्या, सगळं सरळ बसलंय का ते दोऱ्याने मोजायचं. दोन उन्हाळ्यांत माळ्यावरच्या उकाड्याने पंखावरच्या रंगीत कागदाला सुरकुत्या पडल्या होत्या. त्या अप्पांनी घरच्या इस्त्रीने, खाली मऊ धोतर धरून, एकेक करून काढल्या. प्रभुच्या खोलीतल्या पलंगावर विमान मांडलेलं आणि शेजारी पुण्याहून त्याच्या सामानासोबत आलेला त्याचा रिमोट.

तो रिमोट मी पहिल्यांदा चालू केला ती संध्याकाळ मी विसरणार नाही.

"थ्रॉटल खाली घ्या, अप्पा."

प्रभुचा आवाज. स्वच्छ, थोडा हसरा. आत स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, तो बंद झाला. चालू करताना थ्रॉटल, म्हणजे वेगाची दांडी, खाली घ्यायची आठवण असले रिमोट बोलून करून देतात हे मला ठाऊक होतं. एरवी त्यात कुणी बाई इंग्रजीत बोलते. पठ्ठ्याने तिला काढून स्वतःचा आवाज भरून ठेवला होता, बापाला कळावं म्हणून. मी हे सगळं अप्पांना नीट समजावून सांगितलं. त्यानंतर दर वेळी जोडकाम सुरू झालं की प्रभु बोलायचा आणि आत भांड्यांचा आवाज थांबायचा. प्रभुची आई, शिवबाई वहिनी, मात्र आम्ही असताना कधी त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

मग तोल बघायची वेळ आली. पंखांच्या खाली ठरलेल्या जागी दोन बोटं टेकवून विमान उचलायचं. ते सपाट राहिलं, नाक किंचित खाली गेलं तर ठीक. "शेपूट जड असेल तर मात्र उडवायचं नाही हं," मी मोठ्याने बजावलं. मास्तरकीची सवय, हळू बोलताच येत नाही. "शेपूट जड झालेलं विमान कुणाचं ऐकत नाही. हमखास पडतं." अप्पांनी बॅटरी पुढेमागे सरकवून तोल असा साधला की मला बोलायला जागा उरली नाही.

पुढच्या आठवड्यात गेलो तर शेपूट खाली.

आमचंच चुकलं असेल म्हणून बॅटरी आणखी पुढे घेतली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा शेपूट खाली. आता बॅटरी सरकायला जागा नव्हती. अप्पांनी नाकात शिसं चिकटवलं. मग आणखी शिसं. पारडं झुकलं की समोर पासंग टाकायचा, एवढंच त्यांच्या हाताला माहीत. झुकलेल्या पारड्यात काय आहे हे बघायचं असतं, ते त्यांच्या डोक्यातच येईना. कारण त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं.

"तो मागं बसतोय, सर," एकदा ते हळूच म्हणाले. "लहानपणी माझ्या एम-एटी गाडीवर मागंच बसायचा. पुढं ये म्हटलं तरी यायचा न्हाय."

मी भुताखेताच्या गोष्टींवर तोंडसुख घेणारा माणूस. त्या संध्याकाळी पलंगावरचं ते विमान, मागे रेललेलं, नाक वर करून माझ्याकडे बघत होतं. मला भीती वाटली, हे कबूल. घरी जाताना मी मागे वळून बघितलं नाही.

पण रात्रभर तळमळल्यावर माझा मला राग आला. सकाळी विमान उचललं आणि थेट दुकानात नेऊन काट्यावर ठेवलं. आम्ही घातलेलं शिसं वजा केलं तरी खोक्यावर छापलेल्यापेक्षा वजन जास्त भरत होतं.

"अप्पा, भुताला वजन नसतं," मी म्हणालो.

विमानाच्या पोटाखाली, आतली गरम हवा बाहेर पडायला एक लांबट खिडकी असते. मी विमान नाकावर उभं करून हलवलं. खिडकीतून कापसात गुंडाळलेली एक पांढरी वडी पडली. मग दुसरी. मग आणखी. विभूतीच्या वड्या. त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यातल्या. अप्पांनी त्या वड्यांकडे बघितलं आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.

घरी शिवबाई वहिनींनी काही लपवलं नाही. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"मीच टाकत व्हते. दर सोमवारी, पूजा झाल्यावर. तुमीच म्हनला न्हवं सर, शेपूट जड असलं की उडवायचं न्हाय?"

"पण का, वहिनी?"

"इमान चालू केलं की माजा प्रभु बोलतो. दोन वर्सानं घरात त्याचा आवाज आला. ह्ये वर न्हेनार, पडनार, मोडनार. पोरगं रस्त्यावर गेलं. आता आवाजबी माळावर घालवू व्हय?" त्यांनी डोळ्याला पदर लावला. "दगूड टाकनार व्हते. पर त्याच्या अंगात दगूड कसा टाकू? म्हनून इबूत टाकली."

अप्पा खाली बसले. त्यांना रागवायचं होतं की रडायचं होतं, त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. मी प्रभुच्या खोलीत गेलो. विमान तिथेच ठेवलं आणि नुसता रिमोट घेऊन ओट्यापाशी आलो. तो वहिनींच्या हातात दिला, बटण दाबलं.

"थ्रॉटल खाली घ्या, अप्पा."

वहिनींनी दोन्ही हातांनी तो रिमोट छातीशी धरला. कितीतरी वेळ.

"म्हंजे ह्यो हितं हाय? इमानात न्हाय?"

"इथंच आहे. विमान पडलं, मोडलं, तरी हा घरी परत येणार."

"मंग उडवा," त्या म्हणाल्या. "पर मी येनार. आन् त्यातली एक वडी आत ऱ्हाऊ दे."

शिसं सगळं काढलं, आणि वडीला जागा व्हावी म्हणून बॅटरी पहिल्या जागेहून जराशी मागे घेतली. तोल बघितला तर नाकाला अगदी थोडा भार हवा होता. मी एक वडी बॅटरीच्या पुढे टेपने पक्की केली. अप्पांनी दोन बोटांवर विमान उचललं. सपाट. पुढच्या आठवड्यातही सपाटच होतं.

रविवारी सकाळी मार्डीच्या माळावर वारा पडलेला होता. वहिनी चपला काढून उभ्या राहिल्या, देवळात राहावं तशा. प्रभुने सांगितलं तसा अप्पांनी थ्रॉटल खाली घेतला, मग हळूहळू वर. विमान धावलं आणि उचललं गेलं. मी म्हणालो, "एक गोल घ्या." त्यांनी घेतला. मोठा, गोल गरगरीत. मला हुंदकाच आला. पोरा, बघ रे, असं मी मोठ्याने ओरडलो, तेही विज्ञानाचा मास्तर असून.

"बास अप्पा, उतरवा आता."

बॅटरी संपत आली की सांगायला प्रभुने रिमोटमध्ये वेळेचा गजर लावून ठेवला होता. अप्पांनी ऐकलं आणि विमान पुन्हा वळवलं.

"बास अप्पा, उतरवा आता."

"अप्पा, उतरवा! बॅटरी जाईल!" मी खेकसलो.

"अजून एकदा म्हणू दे," ते म्हणाले. डोळे आभाळात, गालावरून पाणी. पंख्याचा आवाज बसू लागला. मी रिमोट हिसकावून घ्यायला पुढे झालो, तेवढ्यात वहिनींनी अप्पांच्या कोपराला हात लावला.

"ऐका की त्याचं. लेकरू सांगतंय न्हवं."

अप्पांनी विमान वळवलं. ते धापा टाकत आलं, दोनदा उसळलं आणि गवतात थांबलं. काही मोडलं नाही. आम्ही तिघं तिथेच खाली बसलो. मात्र रिमोटमधला तो गजर बंद करायचा राहून गेला होता. माळावर सगळं शांत, आणि अप्पांच्या मांडीवरचा रिमोट पुन्हा बोलला.

"बास अप्पा, उतरवा आता."

"उतरवलं रे," अप्पा त्याला म्हणाले. "उतरवलं बाबा."

थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला. पुन्हा म्हणाला. अप्पांचं बोट बटणाकडे जाईना, माझंही जाईना. शेवटी शिवबाई वहिनींनी रिमोट स्वतःच्या ओटीत घेतला.

"कसं बंद करायचं, सर?"

"मधलं बटण. दाबून धरायचं."

"ऐकलं रे त्यांनी," त्या रिमोटकडे वाकून म्हणाल्या, आणि बटण दाबून धरलं.