उजव्या चाकाची डिस्क

शर्यतीच्या ट्रॅकवर मी पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो, तेव्हा काही फेऱ्यांनंतर ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ पडलं. गाडी वळलीच नाही, सरळ जाऊन खडीत रुतली. मला लागलं नाही. पण हे ट्रॅकचे दिवस भरवणारा गिरगावचा एक माणूस आहे, मोठ्या कंपनीत नोकरीला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "शेठ, ही धक्क्यावरची बोली नाही. इथे ब्रेक लागतात."

सगळे हसले. गाडी ओढून बाहेर काढेपर्यंत हसत होते.

मी शिवडी कोळीवाड्यातला. आई दादरच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची. मी भाऊच्या धक्क्यावर लिलावात घसा फोडून धंदा उभा केला आणि आज हॉटेलांना मासळी पुरवतो. गाडी जुनी असली तरी वेगवान आहे आणि माझ्या कमाईची आहे. कोणी चूक दाखवली तर मी भांडतो, पण ऐकून घेतो. हसलेलं मला चालत नाही. तो 'शेठ' मी बरोबर घेऊनच घरी आलो.

गाडीबरोबर आलेले ब्रेक पॅड रस्त्यावरचे होते. ते गार असतानाही चांगले पकडतात, पण ट्रॅकवर एकामागून एक जोरात ब्रेक मारावे लागतात, त्यात ते इतके तापतात की पकड सुटते. ट्रॅकच्या पॅडचं उलटं. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, सिग्नलला किंचाळतात, चाकं काळ्या भुकटीने माखून टाकतात. मला तेच हवे होते. ते पॅड ज्या लोखंडी डिस्कला दाबून गाडी थांबवतात, त्या डिस्कही मी नव्या घ्यायच्या ठरवल्या. लालबागच्या दुकानदाराने भोकं पाडलेल्या डिस्क पुढे केल्या. भोकांपाशीच आधी तडे जातात, हे मी चौकशी करून आलो होतो. मला साध्या, जाड पाहिजेत म्हटल्यावर तो म्हणाला, "पण साहेब, दिसायला?"

"सुरमई विकताना मीही वर बर्फ रचतो. ताजेपणा कल्ल्यांत कळतो. मला कल्ले दाखव."

त्याने मागून साध्या डिस्क काढल्या. भावावरून आमचं कडाक्याचं वाजलं, पण माल मला हवा तोच मिळाला.

नवे पॅड बसवले की काम संपत नाही. रे रोडच्या गोदामांमागचा रस्ता रविवारी सकाळी रिकामा असतो. तिथे वेग घ्यायचा, जोरात ब्रेक दाबायचा, पण गाडी पुरती थांबू द्यायची नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं करत पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढतो. मग थांबवण्याआधी गाडी चालवतच गार करायची. हे मी मन लावून केलं. ट्रॅकवरच्या त्या माणसाने कळवलं होतं की आधी तपासणी होईल, मगच मला ट्रॅकवर सोडायचं की नाही ते ठरेल.

जायच्या दिवशी पहाटे मी धक्क्यावर गेलो. गाडी आमच्या होडीच्या शेडमध्ये जॅकवर होती. डिस्कना कुठे तडा नाही ना, ते बघायला पुढची चाकं आदल्या रात्रीच काढून ठेवली होती. परत येऊन घाईत चाकं बसवली आणि निघालो. गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला, तर गाडीने डावीकडे हिसका घेतला आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूंना जवळजवळ टेकली.

आई मागून चालत आली. तिच्या हातात चिंधी होती.

"लोखंडाला गंज धरला होता रे," ती म्हणाली. "नांगराला लावतो ते तेल लावलं. पलीकडची बाजू भिंतीला होती, तिथे हात नाही पोचला."

खाऱ्या हवेत उघडी डिस्क एका रात्रीत लाल होते. तो गंज पहिल्या ब्रेकलाच निघून जातो. पण हे तिला कोण सांगणार? लोखंड दिसलं की तेल लावायचं, हे तिने जन्मभर केलेलं. मी ओरडलोच. काय ओरडलो ते लिहीत नाही. तेलाने उजवा ब्रेक घसरत होता, म्हणून गाडी डावीकडे ओढली गेली होती. मग ते चाक काढलं, डिस्क क्लीनरने धुतली, पॅड सँडपेपरवर घासले. पण पॅड तेल पितो, आत गेलेलं सहज निघत नाही. दुकानं उघडायला अवकाश होता. मी तसाच ट्रॅककडे निघालो.

हायवेवर ब्रेक लागत होते. जोरात दाबल्यावर गाडी जराशी डावीकडे जायची. तापलं की तेल जळून जाईल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो.

तपासणी त्याच माणसाने केली. टॉर्च मारून पॅडची जाडी पाहिली, डिस्कच्या कडेवरून बोट फिरवलं. बाहेरून सगळं नवंकोरं होतं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ, काम एक नंबर केलंस."

एवढ्याचसाठी मी आलो होतो. तेलाचं माझ्याशिवाय तिथे कोणालाच माहीत नव्हतं.

पहिली फेरी हळू, गाडी तापवायची. लांब सरळ रस्ता संपला की तेच वळण, तीच खडी. ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातातून डावीकडे खेचलं गेलं. उजव्या चाकाकडून जळक्या तेलाचा वास आला. आरशात मागची गाडी अगदी जवळ दिसत होती. पुढच्या फेरीला इथेच पूर्ण वेगात यायचं होतं, आणि ती गाडीही माझ्या मागेच असणार होती. ट्रॅकवरून बाहेर पडायचा रस्ता आला तेव्हा माझा पाय अजून अॅक्सिलरेटरवर होता. मी तो काढला आणि गाडी ट्रॅकबाहेर घेतली.

"काय झालं?" गिरगावच्या त्या माणसाने विचारलं.

"उजव्या पॅडला तेल आहे."

"ब्रेकला तेल? कोणी लावलं?"

सगळे जमले होते. मी म्हणालो, "मीच. गंज चढू नये म्हणून."

"तळायचंच होतं तर कढई आणायचीस, शेठ," तो म्हणाला. ते हसले, मागच्या वेळेपेक्षा जास्त. मी काच वर केली आणि घराकडे निघालो.

आई दारातच बसली होती. "धावली?" तिने विचारलं.

"धावली."

मी पुन्हा दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. पुढच्या ट्रॅकच्या दिवसासाठी नाव नोंदवलं आहे, आणि तो 'शेठ' त्याला परत केल्याशिवाय मी राहणार नाही. आता चाकं काढली की आई चिंधी घेऊन येते आणि डिस्ककडे बघत उभी राहते. मी तिला तेल लावायला शेडच्या दाराच्या बिजागऱ्या दाखवतो.