शेठच्या हातांना आठवणारी बोली

शुक्रवारी आमच्या कामतघर वस्तीत वीज नसते, म्हणून लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात. ती शांतता अजून मला स्वप्नासारखी वाटते. कानांतला खडखडाट आत कुठेतरी चालूच राहतो आणि दारातल्या उन्हात रुईचे कण खाली उतरायचं विसरल्यासारखे तरंगत असतात.

अशाच एका शुक्रवारी मी अभ्यासमंडळ भरवलं. कामगार-मालक संबंध हा विषय घेऊन मी पदवी घेतलीय. आमच्या घरात पहिली मीच, आणि हे सांगताना मी लाजत नाही. पण तो विषय नुसता परीक्षेपुरता ठेवायचा नव्हता. विहाराच्या खोलीत सतरंजी टाकली, कामगार बोलावले, मागे लागून लागून लूमचा मालक असलेला एक शेठही आणला. तो येतानाच म्हणाला, "आज कोई बोला नहीं, तो मैं दुबारा नहीं आऊँगा." आणि शेठशिवाय मंडळ म्हणजे आपलंच आपल्याला ऐकवणं.

विषय होता, जेवणाच्या वेळी लूम बंद ठेवावा का. मी बराच वेळ बोलले. मग कोणीच बोलेना. सगळ्यांच्या माना खाली. शेठ घड्याळ बघायला लागला.

तेव्हा भिंतीपाशी बसलेल्या, लूम चालवणाऱ्या माझ्या बाबांचे हात हलले. लूमच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून शेडमधली माणसं हातांनी बोलतात. बाबांनी समोर बसलेल्या कामगार चाचांना खुणावलं. अंगठा शेठकडे, मग पोटावर हात, मग चिमटीतली रुई तोंडात. म्हणजे, हा पोटभर जेवतो, आपण चालू लूमपाशी जेवताना रुई खातो. चाचा खाली बघून हसले. हळूहळू सगळी खोली बिनआवाज बोलायला लागली. पाण्याखालच्या वेलींसारखे ते हात मी बघतच राहिले.

मग शेठचेही हात वर आले. चिमूट, तोंड, आणि घशावर बोट. मी पण खाल्लीय, अजून इथं अडकलीय.

सगळे हात जागच्या जागी थांबले.

"शेठ, तुम्ही लूम चालवलाय?" बाबांनी शेडमध्ये विचारावं तसं ओरडून विचारलं.

"सेठ बन गया, तो हाथ थोडी भूलेंगे?"

"मग तर तुम्हाला जास्त कळायला पायजे."

लूम बंद ठेवायचं काही त्या दिवशी ठरलं नाही. भांडण मात्र तोंडानं, पोटभर झालं. निघताना शेठनं गल्लीच्या वळणावरून बाबांना काहीतरी खुणावलं.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी चहा त्याचा हाय," बाबा म्हणाले. "सतरंजी झटकून ठेव."