पप्पांचा खालचा सूर

माझे पप्पा स्वतःच्या फ्युनरलमध्ये गायले.

आज वर्ष झालं. आता लिहू शकते.

पप्पा आणि मम्मी माझ्या बाळंतपणासाठी वसईहून इथे ऑस्ट्रेलियात, पॉइंट कुकला आले. कोविडमुळे बॉर्डर बंद झाल्या आणि ते इथेच अडकले.

पप्पा गावच्या चर्चच्या क्वायरमध्ये बेस गायचे. सगळ्यांत खालचा सूर. गावात कोणाचंही फ्युनरल असो, हातातलं काम टाकून जायचे. न गाता माणसाला मातीत द्यायचं नाही, असं म्हणायचे.

इथल्या वसईकरांच्या मराठी क्वायरने त्यांना पहिल्याच महिन्यात पळवलं.

मग लॉकडाऊन.

प्रत्येकाने आपापल्या घरी फोनवर गाऊन पाठवायचं आणि क्वायरमधला ग्लेन ते सगळं एकत्र जोडणार, असं ठरलं. बाहेरचे आवाज नकोत म्हणून पप्पा वॉर्डरोबमध्ये शिरून गायले. माझ्या नवऱ्याच्या, सायमनच्या, इस्त्रीच्या शर्टांमध्ये उभे राहून. मम्मीने बाहेरून दम दिला की दार नीट ओढून घ्या, बाळ उठेल.

पहिलं गीत ग्रुपवर आलं. सगळ्यांनी हार्ट टाकले.

पप्पांनी फोन कानाला लावून ऐकलं. परत ऐकलं.

"यात मी नाही."

मी ग्लेनला फोन केला. तो म्हणाला, अंकल आहेत, चांगले मोठ्याने आहेत. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला इतका खालचा सूर काढता येत नाही, बस.

लॅपटॉपवर लावलं. टीव्हीवर लावलं. नाहीत.

ख्रिसमसला सायमनने हौसेने साउंडबार आणला. त्यातून खाली काहीतरी घुमलं.

"हा मी नाही," पप्पा म्हणाले. "हा फ्रिज आहे."

दुकानं उघडी होती तोवर मी त्यांना एका ऑडिओच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या माणसाने आपलं नेहमीचं गाणं लावलं, ज्यात खिडकीच्या काचा थरथरतात. हाऊज दॅट फॉर बेस, मेट, म्हणाला.

पप्पा मला हळूच म्हणाले, तांदळाची गोण टाकतोय कोणीतरी.

मग त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात ते एकच गीत.

सगळी दुपार गेली. स्पीकरच्या प्रत्येक जोडीवर तीच ओळ, डोळे मिटून. दुकानातल्या सगळ्यांत महाग जोडीत त्यांचा आवाज फुगला. हा माझ्यापेक्षा जाड आहे, म्हणाले, आणि पुढे गेले.

थांबले ते एका लाकडी, कमरेएवढ्या उंच जोडीपाशी. कोणीतरी वापरून परत दिलेली. त्यात शेवटच्या ओळीआधी त्यांनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

"आहे," पप्पा म्हणाले.

सेकंडहँड असूनही किंमत ऐकून मी पर्स बंद केली. पप्पांनी स्वतःचं कार्ड काढलं.

घरी मम्मी म्हणाली, एवढ्या पैशांत आपण दोघं वसईला जाऊन परत आलो असतो.

"विमान आहे कुठे?"

मग तिने स्पीकरभोवती फेरी मारली आणि म्हणाली, कपाटंच आणायची होती तर दारं असलेली तरी आणायची. एकावर फुलदाणी ठेवली. पप्पांनी ती उचलली. तिने परत ठेवली. हे कित्येक महिने चाललं.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी पप्पा झोपेतच गेले. हार्ट.

पुन्हा लॉकडाऊन होता. फ्युनरलला दहा माणसं. मास्क. गायचं नाही.

मम्मी रडली नाही. एवढंच बोलली.

"अख्ख्या गावाला गाऊन पोहोचवलं या माणसाने. आणि हे असे मुक्याने जायचे?"

इथल्या चर्चचे फादर भले माणूस. म्हणाले, तुमच्या क्वायरचं रेकॉर्डिंग चर्चच्या सिस्टिमवर लावा. आदल्या दिवशी मम्मी आणि मी जाऊन लावून पाहिलं. भिंतीवरचे छोटे स्पीकर, बायबलचं वाचन मागपर्यंत पोहोचावं म्हणून बसवलेले. त्यातून बायका ऐकू आल्या. ग्लेन ऐकू आला. खाली सगळं रिकामं.

मम्मीने शेवटपर्यंत ऐकलं. पर्स उचलली आणि माझ्याकडे वळली.

"बाय, सायमनच्या गाडीची मागची सीट आडवी होते ना?"

दुसऱ्या दिवशी शवपेटीच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, असे ते स्पीकर उभे होते.

आम्ही दहा जण मास्क लावून गप्प.

मग अख्खी क्वायर आत आली. आणि सगळ्यांच्या खाली, सगळ्यांना उचलून धरत, पप्पा.

माझा हात बाकावर होता. लाकडातून तो सूर तळव्याला लागला.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर फादरनी विचारलं, बेस कोण गातंय, असा आवाज आमच्या पॅरिशच्या क्वायरला हवाय.

मम्मीने शवपेटीवर हात ठेवला.

"हिम," ती म्हणाली. "माय हजबंड."

मान ताठ.

फादरनी गीत पुन्हा लावायला सांगितलं. पप्पा आपल्याच आवाजात चर्चच्या बाहेर गेले.

गावाकडच्यांनी लाइव्हस्ट्रीम फोनवर पाहिलं. गीत छान झालं, पण बस्त्यावचा, म्हणजे पप्पांचा, आवाज काही आला नाही, असं त्यांनी कळवलं. मम्मीने उत्तर पाठवलं की बस्त्याव होता, तुमचा फोन कमी पडला.

तेव्हापासून मित्र विचारतात, स्पीकरवर इतका खर्च वर्थ आहे का.

वॉट वगैरे मला कळत नाही. घरातल्या माणसाचं रेकॉर्डिंग घेऊन दुकानात जा. ते माणूस ज्यात खोलीत उभं राहील, ते घ्या. सगळ्यांत महाग तेच असेल असं नाही. स्वस्त बहुधा नसेल.

आमचे वसूल झाले. एका सकाळीत.

आज वर्षाची मिस्सा आहे. क्वायर येतेय, सगळी, स्वतःच्या पायांनी. कोणी माणसं मोजणार नाही.

पप्पा, आज तुम्ही निवांत ऐका.

आम्ही गातो.